पाठीमागून ओळखीचा माणूस

डेपोत त्यांना सगळे सबुरीभाऊ म्हणत. मागून कुणी कितीही हॉर्न वाजवो, पुढे कुणी गाडी आडवी घालो, उशीर झालेला प्रवासी कितीही त्रागा करो, या माणसाच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "सबुरी!" पंचवीस-सव्वीस वर्षं त्यांनी एकाच मार्गावर बस चालवली. एका टोकाला कापड गिरणीचं फाटक, दुसऱ्या टोकाला नदीवरचा जुना पूल आणि मधे वीसेक थांबे. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीला अपघात म्हणावा असा एकच. पुढे चाललेल्या टेम्पोतून घसरलेल्या टेबलाचा पाय बसची काच फोडून आत आला होता. चूक टेबलाची होती, हे पुढे चौकशीत सिद्धही झालं.

घरात मात्र नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. चहा गॅसवर ठेवला की उकळी फुटायच्या आत चारदा "झाला का?" विचारणार. बायको म्हणायची, "सगळी सबुरी बसमध्येच सांडून येता वाटतं. थोडी डब्यात घालून घरी आणत जा." ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. दिवसभर लोकांचे खोकले, पित्तं आणि गुडघे ऐकून ती संध्याकाळी घरी यायची, तेव्हा तिला घरात शांतता हवी असायची. मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी गेलेली. घरात दोघंच. संसार बरा चालला होता, कारण दोघंही दिवसभर घराबाहेर असत.

आणि मग ती डोळ्यांची तपासणी आली.

दरवर्षी व्हायची तशीच. अक्षरांचा तक्ता भाऊंनी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. पण या वेळी नवीन यंत्र आलं होतं. त्यात डोकं घालून बसायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. भाऊ बटणावर अंगठा ठेवून ठिपक्याची वाट बघत बसले. ठिपके येऊन गेले होते.

"समोरचं तुम्हाला उत्तम दिसतं," डॉक्टर म्हणाले. "पण कडेचं कमी होत चाललंय. थेंब घालत राहिलात तर आहे तेवढं टिकेल. वाचा, फिरा, सिनेमे बघा. बस मात्र आता नाही."

"डॉक्टर, डावीकडून सायकल येतेय हे मला वासानं कळतं."

"कळत असेल. पण ते सायकलवाल्याला माहीत नसतं ना."

भाऊ खुर्चीतून उठले ते थेट डेपोत गेले, आपल्या बसच्या केबिनमध्ये चढले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. पन्नाशी नुकती ओलांडलेली. अजून सहा वर्षं ही जागा आपली आहे, असं ते धरून चालले होते. कंडक्टर बाहेरून हाका मारत होता. या कंडक्टरला डेपोत 'चिल्लर' म्हणत, कारण त्याची पिशवी कायम खुळखुळायची आणि तोंडही. भाऊंच्या बसवर तो पंधरा वर्षं होता. त्या दिवशी भाऊंचा चेहरा बघून तो पहिल्यांदाच गप्प बसला.

निरोप समारंभ झाला. मॅनेजरसाहेबांनी भाषणात भाऊंच्या निवृत्तीऐवजी दुसऱ्याच कुणाची तरी बदली जाहीर केली, मग चूक लक्षात आल्यावर पाणी प्यायले. भेट म्हणून एक भलीमोठी छत्री दिली. चिल्लर इतका रडला की नवख्या लोकांना वाटलं, निवृत्त हाच होतोय.

पहिला आठवडा भाऊ झोपले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी घर हातात घेतलं.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, त्यातलाच प्रकार. त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले, पुसले आणि उंचीप्रमाणे फळीवर लावले. संध्याकाळी बायको कामावरून आली, फळीकडे बघून दोन क्षण दारातच थांबली.

"मीठ कुठाय?"

"तिसऱ्या नंबरवर."

"आणि साखर?"

"तीही तिसऱ्याच नंबरवर. दोन्ही डबे एकाच उंचीचे निघाले."

त्या दिवशी दोघांनी खारट चहा घेतला. भाऊ घोट घेऊन म्हणाले, "वेगळा लागतो, पण वाईट नाही." बायकोनं कप खाली ठेवला. "अहो, मी ड्रायव्हरशी लग्न केलं होतं, इन्स्पेक्टरशी नाही. उद्यापासून स्वयंपाकघराला हात लावायचा नाही."

मग भाऊ खाली उतरले. इमारतीच्या आवारात लोक गाड्या कशाही लावतात, हे त्यांना अनेक वर्षं खुपत होतं. त्यांनी खडूनं रेघा मारल्या आणि फाटकाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला हातवारे करून मागे-पुढे घ्यायला लावू लागले. "अजून... अजून... बस्स! आता डावीकडे वळवा." तळमजल्यावरचे दंतवैद्य पंधरा वर्षं डोळे मिटून स्कूटर लावत होते. भाऊंच्या मार्गदर्शनाखाली पहिल्याच दिवशी त्यांनी ती कुंडीवर घातली. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं सबुरीभाऊंच्या बायकोला जिन्यात गाठून अगदी गोडीत विचारलं, "वहिनी, भाऊंना कुठे दुसरी नोकरी नाही का हो मिळत?"

हे भाऊंच्या कानावर गेलं आणि त्यांचा फुगाच फुटला. त्यांनी खाली जायचं सोडलं. दिवसभर ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. समोरच्या रस्त्यावरून त्यांचीच बस जायची. ती दिसली की अर्धवट उठायचे, वळणावर दिसेनाशी झाली की परत बसायचे. जेवण कमी झालं. दाढी दिवसाआड झाली. एका सोमवारी बायकोनं पाहिलं, तर हे गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करत होते. एक झाला, दुसरा घेतला. घड्या घालून कपाटात नीट ठेवले.

रात्री जेवताना भाऊच म्हणाले, "सकाळी तू जातेस. खालून बस जाते. दूधवाला येतो, पेपर येतो. सगळं सुरळीत चाललंय गं. माझ्यावाचून कुणाचं काही अडलंच नाही."

"अडायला हवं होतं का?"

"एखादा दिवस तरी."

ती हसली. ते पण हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "थेंब घातलेत आत्ताच," ते म्हणाले. थेंब घालायला अजून तासभर होता, पण तिनं ताटात आणखी भात वाढला आणि विषय बदलला.

औषधाच्या दुकानात उभं राहून तिला एक गोष्ट कळली होती. दुखतंय कुठे हे माणसाला विचारत बसलं, तर दुखणं वाढतं. त्यापेक्षा काहीतरी हातात द्यावं. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं पिशवीत मिक्सर भरून दारात ठेवला.

"हा बंद पडलाय. माझ्या बहिणीच्या गल्लीत दुरुस्तीवाला आहे, पुलाच्या अलीकडे. तिथं देऊन या."

"इथं कोपऱ्यावर आहे की एक."

"तो मला आवडत नाही."

"तो दुरुस्ती चांगली करतो की नाही ते बघायचं, आवडायचं काय त्यात?"

"अहो, जाऊन या म्हटलं ना!"

झालं. भाऊ पिशवी घेऊन थांब्यावर उभे राहिले. समोर येऊन थांबली ती त्यांचीच बस. दारात चिल्लर. "भाऊ!" करून तो इतका जोरात ओरडला की पुढच्या सीटवरच्या आजोबांचं कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. त्यानं भाऊंना हाताला धरून ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसवलं.

स्टिअरिंगवर एक तरुण बाई होती. केसांचा घट्ट अंबाडा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. भाऊंनी ठरवलं होतं की आपण एक अक्षर बोलायचं नाही. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पहिल्याच वळणावर त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे दाबला गेला. दुसऱ्या वळणावर तोंडातून निघून गेलं, "हळू."

"घेतेय काका," ती म्हणाली.

"पुढे रिक्षा थांबेल हं."

"बघितली काका."

"डावा आरसा जरा बाहेर काढून घ्या. आणि गिअर आत्ताच टाकू नका, चढ संपू दे. आता टाका. आता टाका की!"

चिल्लर मागून डोळे मोठे करून खुणा करत होता. सबुरीभाऊ, ज्यांनी उभा जन्म प्रवाशांना सबुरी शिकवली, ते सीटच्या टोकावर येऊन दांडी दोन्ही हातांनी धरून बसले होते. 'पाण्याची टाकी' या थांब्यावर बाईनं बस उभी केली, इंजिन बंद केलं आणि वळून पाहिलं.

"काका, दोन ड्रायव्हरांनी एक बस चालत नाही. एक तर तुम्ही चालवा, नाहीतर मला चालवू द्या."

ती बिचारी सहज बोलली. तिला भाऊंच्या डोळ्यांचं काही माहीत नव्हतं. पण ते वाक्य भाऊंना नको तिथं लागलं. ते उठले, पिशवी उचलली. "मीच उतरतो," एवढंच म्हणाले आणि चिल्लर दारापर्यंत पोचायच्या आत खाली उतरले. बस गेली. धूर खाली बसला. भाऊ मिक्सर घेऊन रस्त्याच्या कडेला उभे.

इतका राग आला होता की आता सरळ घरीच जायचं होतं. परत जाणाऱ्या बसची वाट बघायची म्हणून त्यांनी समोर पाहिलं, आणि त्यांच्या एकदम लक्षात आलं की या थांब्यावर आपण आजवर कधीच उतरलेलो नाही. हजारो वेळा बस इथं उभी केली असेल. चिल्लर "टाकी, टाकी, टाकी!" म्हणून कोकलायचा, माणसं उतरायची, एका गल्लीत शिरायची आणि दिसेनाशी व्हायची. ती जात कुठे होती? आणि टाकी कुठाय? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत. त्यांनी पानाच्या टपरीवाल्याला विचारलं.

"टाकी होय? ती पाडली. मी तेव्हा शाळेत होतो."

"मग थांब्याला नाव टाकीच का?"

"आता मला काय विचारता? तुम्ही काय बसखात्यातले आहात का?"

भाऊंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ते गल्लीत शिरले.

गल्ली अरुंद होती आणि खटपटीनं भरलेली. एकीकडे चपलांचे तळवे कापणं चाललेलं, एकीकडे दोन बायका गाद्या शिवत होत्या. पुढे नळाच्या तोट्या दुरुस्त करणारा एक जण तोंडात तार धरून गाणं गुणगुणत होता. आणि तिथं, एका निळ्या दारासमोर, भाऊंना एक ओळखीचा माणूस दिसला. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी, हातात गोल पुठ्ठ्याचा डबा. केकवाला!

या केकवाल्याचं असं होतं. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात भाऊंना सगळी बस दिसायची. त्यात नेहमीची माणसं असत. त्यांची खरी नावं माहीत नसल्यानं भाऊ आणि चिल्लर यांनी आपापली नावं ठेवली होती. एक झोपाळू मास्तर होते, एक विणकामवाली होती, आणि हा केकवाला. हा बारा महिने टोपलीएवढे गोल डबे मांडीवर घेऊन बसायचा आणि खड्डा आला की डबा छातीशी धरायचा. डब्यात केक आहे असं चिल्लरचं ठाम मत. रोज कोण केक नेतो, म्हणून भाऊंचं मत हेल्मेट. यावरून दोघांची कित्येकदा जुंपली होती. पण प्रवाशाला असं कसं विचारणार?

आज भाऊ प्रवासीही नव्हते आणि ड्रायव्हरही नव्हते. ते सरळ पुढे गेले.

"नमस्कार. ओळखलंत का?"

त्या गृहस्थांनी चष्मा वर करून निरखून पाहिलं. "माफ करा, नाही ओळखलं."

"अहो, रोजची आपली भेट. बस! मी ड्रायव्हर होतो."

"असं? थांबा हं. जरा पाठ फिरवा बघू."

भाऊंनी पाठ फिरवली.

"अरे!" गृहस्थ आनंदानं ओरडले. "तुम्ही होय! कसा नाही ओळखणार! तुमच्यासारखं मागून गोल डोकं या शहरात दुसरं नाही. कितीतरी वेळा मनात आलं होतं की यांचं माप घ्यावं. चला, आत चला."

आत गेल्यावर भाऊ वळून वळून बघू लागले. चारी भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर ओळीनं लाकडी डोकी. कुणावर लांब काळे केस, कुणावर कुरळे, कुणावर पांढऱ्या जटा, एकावर राजाच्या खांद्यापर्यंत येणाऱ्या बटा. ते गृहस्थ नाटकांसाठी केसांचे टोप बनवत. बारीक आकड्यानं एकेक केस जाळीत ओवायचा, गाठ मारायची, पुन्हा दुसरा केस. डब्यातून टोप नाटकमंडळ्यांकडे जायचे आणि प्रयोग झाले की विस्कटून परत यायचे.

"म्हणजे केक नाही," भाऊ म्हणाले.

"केक?"

भाऊंनी सगळं सांगितलं. टोपवाले हसून हसून स्टुलावरून घसरायचे राहिले. मग त्यांनी फळीवरून एक काळाभोर, मागे वळवलेला टोप काढला आणि भाऊंच्या टकलावर अलगद बसवला. आरशात भाऊ स्वतःकडे बघत राहिले. हा माणूस तीस वर्षांपूर्वी कुठेतरी बघितल्यासारखा वाटत होता.

मिक्सर तोटीवाल्यानंच उघडून पाहिला. त्यात काहीच बिघाड नव्हता. आतली एक वायर कुणीतरी मुद्दाम काढून ठेवलेली होती.

त्या संध्याकाळी बायको घरी आली तर भाऊ दारातच उभे. तिची चप्पल काढून व्हायच्या आत त्यांनी बोलायला सुरुवात केली ती भांडी घासून होईपर्यंत थांबले नाहीत. टाकी नसलेली टाकी, लाकडी डोकी, "पाठ फिरवा बघू", सगळं. ती सोफ्यावर लोळून हसली.

"आणि मिक्सर?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"तो झाला दुरुस्त. वायर निघाली होती. तुझ्या ओळखीच्याच कुणीतरी काढली असावी."

"असेल बाई. हल्ली कुणाचा भरवसा देता येत नाही."

मग भाऊंना नादच लागला. सकाळची कामं आटपली की निघायचं आणि कुठल्यातरी एका थांब्यावर उतरायचं. सगळीकडेच टोपवाले भेटले असं नाही. 'उद्यान' थांब्यावर उद्यान नव्हतंच, एक लांबलचक भिंत होती आणि भिंतीमागे एक कुत्रं होतं, ज्यानं भाऊंना पुढच्या थांब्यापर्यंत पोचवलं. 'जुना दवाखाना' इथं एक तळं निघालं, त्यावर बदकं आणि काठावर बाकं. झोपाळू मास्तर तिथं बाकावर बसून टक्क जागे असत. बसमध्येच का झोपता, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही इतकी छान चालवायचात, जागं राहणार कोण!" हे वाक्य भाऊंनी घरी जाऊन बायकोला दोनदा ऐकवलं, आणि मुलीला फोनवर एकदा.

नव्या ड्रायव्हरणीची माफी मागायला त्यांना थोडा वेळ लागला. एकदा शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाल्यावर ते तिच्या खिडकीशी गेले.

"पोरी, त्या दिवशी मी फार बोललो."

"नाही हो काका. मला नंतर कळलं तुमचं. मीच..." तिनं खिडकी पूर्ण उघडली. "पुढच्या सीटवर बसा ना. आज बोललात तरी चालेल."

"नको. मागे बसतो. तिथून माणसं दिसतात." जाता जाता त्यांनी मान वळवली. "चढावर गिअर मात्र झकास टाकतेस."

टोपवाल्यांकडे त्यांची बैठक ठरूनच गेली. भाऊ विस्कटलेले टोप विंचरून द्यायचे. एका दुपारी एक जाडजूड, खणखणीत आवाजाच्या बाई आत आल्या. त्या बँकेत काम करत आणि उरलेल्या वेळात हौशी मंडळींची नाटकं बसवत. राजाचं नाटक होतं आणि त्यांचा द्वारपाल बदली होऊन परगावी गेला होता. त्यांची नजर भाऊंवर पडली. भाऊ त्या वेळी गंमत म्हणून सेनापतीचा टोप घालून बसले होते.

"तुम्ही! उभे राहा. बोला, महाराज, पाहुणे आले आहेत."

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. महाराज कुणीच नव्हते. "महाराज, पाहुणे आले आहेत," ते म्हणाले.

"झालं. उद्यापासून तालमीला या."

तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये असे. वाक्य तेवढं एकच, पण भाऊंची पार दैना झाली. आत येऊन ते वाक्य म्हणत खणखणीत, पण मागच्या पडद्याकडे तोंड करून. बाईंनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा खुर्चीवर उभं राहून ओरडल्या, "प्रेक्षक इकडे बसणार आहेत हो!"

"बाई, मला माहीत आहे," भाऊ घाम पुसत म्हणाले. "पण जन्मभर माझी सगळी माणसं माझ्या पाठीमागे बसली. समोर माणसं आली की मला वाटतं, गाडी उलटी उभी केलीय."

महाराजांनी सिंहासनावरच लोळण घेतली. बाईसुद्धा हसल्या, पण सुटका केली नाही. रोज शेवटी भाऊंना रंगमंचाच्या कडेशी उभं करून रिकाम्या खुर्च्यांकडे नुसतं बघायला लावायच्या.

आणि याच दिवसांत, ज्याची भाऊंनी बाल्कनीत बसून महिनोन्महिने वाट पाहिली होती, तो फोन आला. डेपो मॅनेजर बोलत होते. कंट्रोल रूममध्ये जागा झाली होती. कोणती गाडी कुठे आहे ते पडद्यावर बघायचं आणि ड्रायव्हरांना फोन करायचे. "तुमच्याइतका रस्ता कुणाला ठाऊक आहे, भाऊ? या आणि बघून जा."

भाऊ गेले. तोच तेलकट वास, तेच पत्र्याचं छप्पर. त्यांची बस धुवायला लावली होती आणि तिच्यावरून पाणी ओघळत होतं. भाऊंनी ओल्या पत्र्यावर तळहात ठेवला. इथं परत यायचं, सगळ्यांनी पुन्हा भाऊ भाऊ करायचं, सकाळी डबा घेऊन निघायचं. अजून काय हवं होतं माणसाला?

कंट्रोल रूममध्ये गारेगार वारा होता. खिडकी नव्हती. पडद्यावर हिरवे ठिपके सरकत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक बस. मॅनेजर अभिमानानं म्हणाले, "हा बघा, तुमचा मार्ग. ही टाकी." भाऊंनी वाकून पाहिलं. ठिपका टाकीवर थांबला आणि पुढे गेला. कोण उतरलं, कोण चढलं, काही दिसत नव्हतं.

"सोमवारी सांगतो," ते म्हणाले.

घरी आल्यावर ते बायकोसमोर पलंगावर टेकले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटी तेच म्हणाले, "चांगली नोकरी आहे. पगार, पंखा, खुर्ची, सगळं आहे."

"मग?"

"उंटावरून शेळ्या हाकायच्या. त्या पोरीला फोन करायचा, तू दोन मिनिटं उशिरा आहेस. अगं, ती उशिरा असेल, कारण एखादी म्हातारी चढत असेल. ते मला तिथून दिसणार नाही." ते थांबले. "मला वाटलं होतं मला काम हवंय. मला बहुतेक गाडी हवी होती, आणि ती तर आता मिळायची नाही. ती गेली."

"हो," ती म्हणाली. "गेली."

कुणीतरी असं स्पष्ट बोलायची जणू ते वाटच बघत होते. त्यांनी तिच्या हातातल्या चादरीचं एक टोक घेतलं आणि तिच्यासोबत घडी घालू लागले.

सोमवारी मॅनेजरना फोन लावला. "साहेब, मनापासून आभार, पण जमणार नाही."

"का हो? वर काय कारण कळवू?"

"तालीम आहे म्हणून कळवा."

"काय आहे?"

"तालीम, साहेब. मी राजाच्या दरवाज्यावर असतो."

मग मॅनेजर अगदी जपून म्हणाले, "भाऊ, थेंब वेळेवर घालता ना?"

प्रयोगाला निम्मा डेपो लोटला. चिल्लर पहिल्या रांगेत, शेजारी नवी ड्रायव्हरीण, पलीकडे बायको. झोपाळू मास्तर आले होते आणि पहिल्या अंकातच झोपले होते. पडद्यामागे टोपवाले भाऊंचा टोप तिसऱ्यांदा घट्ट करत होते. "हलवू नका डोकं. तुमच्या डोक्याचा मागचा भाग आज कुणाला दिसणार नाही, याचंच वाईट वाटतं."

भाऊंचा प्रवेश आला. ते भाला घेऊन आत गेले, ठरल्या जागी उभे राहिले आणि वळले. समोर अंधारात माणसंच माणसं. डोळ्यांना कडेचं दिसत नव्हतं, पण समोरचं लख्ख दिसत होतं. चिल्लरचं उघडं तोंड दिसत होतं, बायकोनं घट्ट धरलेली पर्स दिसत होती. भाऊंनी छाती भरून श्वास घेतला आणि वाक्य टाकलं, "महाराज, पाहुणे आले आहेत!" डेपोच्या आवारात या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी, असा आवाज. महाराज दचकले. हातातला राजदंड खाली पडला आणि गडगडत थेट पहिल्या रांगेत गेला. झोपाळू मास्तर खडबडून जागे झाले आणि "आला का थांबा?" म्हणून उठून उभे राहिले. सगळं नाट्यगृह हास्यात बुडालं. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, शोकांतिकेची वाट लावलीत, आणि पुढच्या नाटकात त्यांना तीन वाक्यं दिली.

त्यानंतरच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी बायको तयार होऊन बाहेर आली. साधीच साडी, पण केसांत क्लिप नवी होती.

"चला, मलाही कुठेतरी न्या. इतकी वर्षं तुम्ही साऱ्या शहराला फिरवलंत."

"कुठे जायचं?"

"ते तुम्ही ठरवा. नाहीतर नका ठरवू."

बस आली. ती आधी चढली आणि पटकन खिडकीशी जाऊन बसली.

"अगं, खिडकी मला दे ना. मला कडेचं कमी दिसतं."

"म्हणून तर मी बसलेय. कडेचं मी सांगते, तुम्ही समोरचं बघा."

भाऊंनी वाद घालायला तोंड उघडलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की यात आपण जिंकणार नाही. ते तिच्या शेजारी ऐसपैस टेकले. बस निघाली. ती सांगायला लागली, डावीकडे कुणाची तरी गच्ची, गच्चीवर वाळत घातलेला लाल कोट, कोटावर बसलेला कावळा. ते ऐकत राहिले.